मोबाइलवर नेट चालतं, वायरवरच्या कॉम्प्युटरचं तुटतं (सांगली, गावभाग)

खातेवही

नमस्कार मंडळी. मी सांगलीत गावभागात राहते. मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत्यांचे हिशोब घरूनच लिहिते आणि त्यांची जीएसटीची रिटर्न्स भरते. २०१९ च्या पुरात आमचा खालचा मजला पाण्यात गेला होता. त्यानंतर घरातले विजेचे बोर्ड, इन्व्हर्टर, पाण्याच्या मोटारीचं बटण असं सगळं वरच्या मजल्यावर घेतलं. पुढे फायबरचं कनेक्शन घेतलं तेव्हा त्याचा डबाही (राउटर) वरच बसवला. ऑफिसची खोली मात्र खालीच आहे, कारण पक्षकार खालीच येतात. वरून खाली लॅनची वायर (डब्यातून कॉम्प्युटरला नेट देणारी) बाहेरच्या भिंतीने आणली आहे.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. अडचण अशी की कॉम्प्युटरचं नेट मध्येच जातं. कोपऱ्यात पृथ्वीगोलाचं चिन्ह येतं, कधी 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' असं दिसतं, आणि थोड्या वेळाने आपोआप परत सुरू होतं. तेवढ्यात क्लाउडवरचं टॅली गोठतं, पोर्टलवर फाइल चढत असेल तर ती अर्धवट राहते. त्याच वेळी मोबाइलवर वायफाय व्यवस्थित चालू असतं.

कंपनीचा माणूस येऊन गेला. वायरच्या दोन्ही टोकांना टेस्टर लावला, आठही दिवे ओळीने लागले. "वायर ओके आहे मॅडम, कॉम्प्युटर फॉरमॅट करा" म्हणाला. कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणतो, मशीनमध्ये काहीच दोष नाही. २० तारखेच्या आत जीएसटीची ३बी रिटर्न्स भरायची आहेत आणि फॉरमॅट मारायची माझी तयारी नाही. नेमकं कुठून तपासायला सुरुवात करू?

हरभट रोड

ताई, आधी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) बदलून बघा. ॲडॉप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन आयपीव्ही४ मध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'नेटश विनसॉक रिसेट' मारा आणि मशीन रीस्टार्ट करा. माझं असंच झालं होतं, त्यानेच सुटलं.

तंतुवाद्य

@हरभट रोड, तुमचं त्याने सुटलं असेल, पण ताईंच्या लक्षणांशी ते जुळत नाही. डीएनएसचा घोळ असेल तर नेट 'तुटत' नाही, साइटचं नाव सापडत नाही एवढंच. 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' येतं म्हणजे बिघाड त्याच्या खालच्या पायरीवर आहे.

@खातेवही ताई, मी मिरजेत एका कॉलेजच्या लॅबचं नेटवर्क सांभाळतो. माझी एकच विनंती आहे. नेट कुठे तुटतंय हे कळेपर्यंत कुठलंही सेटिंग बदलू नका आणि फॉरमॅट तर अजिबात नको. सेटिंग्ज बदलत गेलं की मूळ दोष कुठला आणि आपण नवा काय केला, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

आता हे करा. विंडोजचं बटण दाबून सीएमडी लिहा, काळी खिडकी उघडेल. 'आयपीकॉन्फिग' टाइप करून एंटर मारा (मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं). त्यात इथरनेटच्या खाली 'डिफॉल्ट गेटवे' दिसेल, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा. तो तुमच्या वरच्या डब्याचा पत्ता. मग अशा दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत पिंग (समोरून उत्तर येतं का ते सतत विचारणारी आज्ञा), पुढे तो गेटवेचा पत्ता, पुढे स्पेस देऊन डॅश टी. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८. दोन्ही चालू ठेवून आपलं काम करत राहा.

नेट जाईल तेव्हा दोन्हीकडे काय उमटतं ते बघा. डब्याचा पिंग चालू आणि ८.८.८.८ चा बंद असेल तर दोष घराबाहेर आहे, कंपनीला फोन करायचा. डब्याचाच पिंग बंद पडत असेल तर दोष तुमच्या घरात आहे, कंपनीची लाइन निर्दोष. आणि शब्द नीट वाचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे पाकीट गेलं पण उत्तर आलं नाही. 'जनरल फेल्युअर' आलं तर कॉम्प्युटरला त्या क्षणी वायरच जोडलेली दिसत नाहीये.

आणखी एक. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. तिथे 'लिंक स्पीड' लिहिलेला असतो. तो आकडा इथे सांगा. मला पिंगपेक्षाही त्या आकड्याची जास्त उत्सुकता आहे.

कुपवाडकर

तंतुवाद्य म्हणतात ते बरोबर आहे, त्यात एक भर घालतो. आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तो डब्याने दिलेला नाही. डब्याकडे पत्ता मागून उत्तर मिळालं नाही की विंडोज स्वतःच तो लावून घेतं. त्यावर घरातलं नेट चालत नाही.

आमच्याकडे वेगळंच निघालं होतं. पूर्वी गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट होतं, त्याने कॉम्प्युटरमध्ये ठरावीक आयपी हाताने टाकून दिला होता. पुढे फायबर घेतलं तरी तो आकडा तसाच राहिला. मोबाइल चालायचे, कॉम्प्युटर चालायचा नाही. 'ऑब्टेन ॲन आयपी ॲड्रेस ऑटोमॅटिकली' यावर टिचकी मारली आणि सुरू झालं. जुन्या केबलच्या नेटवरून फायबरवर आलेल्यांनी हे आधी बघावं.

खातेवही

सगळ्यांचे आभार. दोन्ही खिडक्या लावून काम केलं. पत्ता १९२.१६८.१ नेच सुरू होतो, १६९ वाला नाही. आयपी ऑटोमॅटिकच आहे.

नेट गेलं तेव्हा दोन्ही खिडक्यांत एकदमच 'जनरल फेल्युअर' आलं, काही ओळी तसंच राहिलं आणि मग दोन्ही परत सुरू. एरवीही डब्याच्या पिंगमध्ये अधूनमधून 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतं, तेव्हा नेट गेल्यासारखं दिसत नाही पण टॅली अडखळतं.

लिंक स्पीड १००/१०० एमबीपीएस आहे. प्लॅन २०० चा असताना १०० का?

तंतुवाद्य

ताई, दोष घरातच आहे हे आता नक्की झालं. कंपनीची लाइन, डीएनएस, विनसॉक या सगळ्या गोष्टी यादीतून खोडा. उरल्या तीन जागा: डब्याचा लॅन पोर्ट, मधली वायर, कॉम्प्युटरचं लॅन कार्ड.

१०० च्या आकड्याबद्दल. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिट म्हणजे १००० ला चारही जोड्या लागतात आणि चारही चांगल्या लागतात. कॉम्प्युटर आणि डबा दोन्ही गिगाबिटचे असूनही १०० वर बोलत असतील, तर मधल्या वायरीला गिगाबिट पेलत नाहीये. स्पीड टेस्ट केलीत तर ९४-९५ च्या वर आकडा जाणार नाही, मग प्लॅन कितीचाही असो.

पण डब्याचा तो पोर्टच १०० चा असू शकतो, काही डब्यांना एक गिगाबिटचा आणि बाकीचे १०० चे पोर्ट असतात. म्हणून एक खात्री करा. लॅपटॉप असेल तर तो वर नेऊन, नाहीतर सीपीयूच वर नेऊन, डब्याच्या त्याच पोर्टला छोट्या तयार वायरीने जोडा. आकडा १००० आला आणि नेट तुटलं नाही, तर वायर दोषी, टेस्टरचे आठ दिवे लागले असले तरी. सीपीयूच नेलात तर कार्डाचाही निकाल त्यातच लागेल. टेस्टरचे आठ दिवे लागले असले तरी.

पोवईनाका

धाग्यात मध्येच घुसतोय, माफ करा, विषय जवळचाच आहे म्हणून. मी साताऱ्याचा. वळवाच्या पावसात आमच्याकडे जोरदार वीज कडाडली आणि तेव्हापासून कॉम्प्युटरला लॅनच लागत नाही. वायर लावली तरी पोर्टजवळचा दिवा लागत नाही. वायफाय ठीक. डब्याचे दुसरे पोर्ट लावून बघितले, वायर बदलून बघितली. ड्रायव्हरही नव्याने टाकला. भावाचा लॅपटॉप त्याच वायरीवर चालतो.

तंतुवाद्य

@पोवईनाका, लॅपटॉप त्याच वायरीवर चालतो म्हणजे तुमच्या मदरबोर्डावरचा लॅन पोर्ट गेला. विजेच्या वेळी हे फार होतं. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण डब्याच्या ॲडॉप्टरमधून लॅनच्या तांब्यात आणि तिथून कार्डात झटका शिरतो. बाकी मशीन चालू असेल तर मदरबोर्ड बदलायची गरज नाही. पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड टाका. मशीन उघडायचं नसेल तर यूएसबी ३ चा लॅन ॲडॉप्टर घ्या. यूएसबी २ चा घेऊ नका, त्याचा वेग गिगाबिटला पुरत नाही.

कुपवाडकर

@पोवईनाका, तुमचं कनेक्शन केबलवाल्याचं असेल आणि त्याची वायर थेट कॉम्प्युटरला येत असेल, तर कार्ड बदलल्यावर त्याला फोन करावा लागेल. बरेच जण जुन्या कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) आपल्याकडे बांधून ठेवतात. नवं कार्ड लावलं की मॅक बदलतो आणि नेट सुरूच होत नाही. मध्ये स्वतःचा राउटर असेल तर हा प्रश्न येत नाही.

जुना वायरमन

खातेवही ताई, धागा उशिरा बघितला. मी आयुष्यभर टेलिफोन आणि नेटवर्कच्या वायरी ओढल्यात, त्यावरून दोन गोष्टी विचारतो.

एक, वायरीच्या टोकाला जो पारदर्शक प्लग आहे तो हातात घ्या. खिटी खाली, सोनेरी दाते वर आणि वायर तुमच्या बाजूला, असा धरा. डावीकडून उजवीकडे आठ तारांचे रंग कसे लागतात ते लिहून पाठवा. दोन्ही टोकांचे.

दोन, ही वायर वरून खाली कशातून आली आहे? एकटीच आहे की सोबत आणखी काही आहे?

टेस्टरबद्दल एवढंच सांगतो, तो बारका टेस्टर फक्त तार सलग आहे का ते बघतो. एका टोकाची १ नंबर दुसऱ्या टोकाच्या १ नंबरला पोचली की दिवा लागतो. कुठल्या तारेला कुठल्या तारेचा पीळ आहे, ते त्याला दिसत नाही. आणि लॅनच्या वायरीत सगळा खेळ त्या पिळाचा असतो.

खातेवही

काका, दोन्ही टोकांना रंग सारखेच आहेत. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

वायर बाहेरच्या पीव्हीसी पाइपमधून येते. मोटारीचं बटण वर घेतलं तेव्हा मोटारीची वायर खाली नेण्यासाठी जो पाइप टाकला होता, त्यातूनच ओळखीच्या मुलाने लॅनची वायर ओढली.

तंतुवाद्यांनी सांगितलं तसं सीपीयू वर नेऊन छोट्या वायरीने जोडून बघितला. लिंक स्पीड १०००/१००० आला, बराच वेळ पिंग चालू ठेवला, एकदाही तुटला नाही. आणि आता हे लिहिताना लक्षात येतंय, नेट जातं ते बहुतेक सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा. आम्ही तेव्हाच टाकी भरायला मोटार लावतो.

जुना वायरमन

ताई, दोष सापडला. जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक आपल्याकडे घराघरात आहे आणि टेस्टरमुळे ती झाकली जाते.

वायरीतल्या आठ तारा चार जोड्यांत वेणीच्या पेडांसारख्या एकमेकींना पिळलेल्या असतात. नारंगी आणि पांढरा-नारंगी ही एक जोडी, तसंच हिरवी, निळी, तपकिरी. एका जोडीच्या दोन तारांवर एकच सिग्नल उलट-सुलट पाठवलेला असतो आणि पलीकडचं कार्ड त्या दोघींतला फरक वाचतं. बाहेरून कसलाही त्रास आला, समजा शेजारच्या वायरीतून ठिणगीचा झटका आला, तर पिळामुळे तो दोन्ही तारांवर जवळपास सारखाच पडतो. फरक काढताना तो वजा होऊन जातो. आत प्लास्टिकच्या आवरणात पत्र्याचं कवच नसतानाही साधी लॅनची वायर इतकी चांगली चालते ती या पिळाच्या जोरावर.

आता पिनांचा हिशोब बघा. कार्ड पिन १ आणि २ ला एक जोडी मानतं, ३ आणि ६ ला दुसरी, ४ आणि ५ ला तिसरी, ७ आणि ८ ला चौथी. म्हणजे ३ ची जोडीदार ४ नाही, ६ आहे. तुमच्या त्या ओळखीच्या मुलाने रंग दिसायला सरळ ओळीत लावले. पिन ३ ला पांढरा-हिरवा आला आणि पिन ६ ला निळा. त्या दोघींना एकमेकींचा पीळच नाही. तशीच गत पिन ४ आणि ५ ची, तिथे हिरवा आणि पांढरा-निळा आलेत. नारंगी आणि तपकिरी जोड्या तेवढ्या शाबूत राहिल्या. तार प्रत्येक सलग आहे म्हणून टेस्टरचे आठही दिवे लागले. पण पिन ३-६ वरून जे जातं त्यात बाहेरचा त्रास वजा होत नाही, उलट शेजारच्या जोडीचा सिग्नलही त्यात झिरपतो. म्हणून गिगाबिट जमलं नाही, दोन्हीकडची यंत्रं १०० वर उतरली, आणि तिथेही अधूनमधून पाकिटं गळतात. तुमचं टॅली अडखळतं ते यानेच.

मोटारीचं बटण दाबताना आणि बंद करताना संपर्काच्या जागी ठिणगी पडते. तीच वायर लॅनच्या अंगाला अंग लावून अख्खा मजला उतरते. जोड्या नीट असत्या तर लॅनने हे बहुधा सोसलंही असतं. फुटलेल्या जोडीला ते सोसत नाही, लिंकच पडते. मग पुन्हा एकमेकांशी बोलणी करून लिंक उभी राहायला काही सेकंद जातात. तेच तुमचं 'जनरल फेल्युअर'.

रंगांचा बरोबर क्रम असा लावा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. बघा, हिरवी जोडी ३ आणि ६ वर गेली आणि निळी तिच्या मधे ४-५ वर बसली.

हरभट रोड

काका, हे नव्याने कळलं, धन्यवाद. म्हणजे दोन्ही टोकांचे प्लग कापून नवे मारले की काम झालं? वायर तीच ठेवली तर चालेल ना?

जुना वायरमन

@हरभट रोड, नेट बहुतेक सुधारेल. पण मी ताईंना ती वायर त्या पाइपमध्ये ठेवा असं सांगणार नाही. त्यात २३० व्होल्टची मोटारीची वायर आहे. पाइपात पाणी उतरलं, उंदराने आवरण कुरतडलं किंवा उन्हाने ते तडकलं, तर तो करंट लॅनच्या तांब्यातून थेट डब्यात आणि कॉम्प्युटरच्या पत्र्यात येऊ शकतो. ताई दिवसभर त्या कॉम्प्युटरवर हात ठेवून बसतात. नेट तुटण्यापेक्षा मला ही काळजी मोठी वाटते.

ताई, लॅनला वेगळा पाइप टाका, मोटारीच्या पाइपापासून वीतभर तरी लांब. कुठे ओलांडावाच लागला तर काटकोनात ओलांडा, सोबत चालवू नका. घरातलं अर्थिंगही एकदा बघून घ्या. वायर नवी घ्या, कॅट ६, संपूर्ण तांब्याची. दुकानात तुकडा मागून ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरी चंदेरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे, घेऊ नका. ती वाकवली की तुटते. बाहेरच्या भिंतीवर उघडी राहणार असेल तर काळ्या जाड आवरणाची घ्या, पांढरी-राखाडी आतली वायर आपल्या उन्हात फार टिकत नाही.

प्लग मारताना दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडवायचा नाही. आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत, खिटीच्या चापाखाली गेलंच पाहिजे. आवरण बाहेर राहिलं की ओढ थेट तारांवर येते. मधे जोड कुठेही देऊ नका. द्यावाच लागला तर कपलर (दोन प्लग जोडणारी डबी) वापरा, तारा सोलून टेप नको.

कुपवाडकर

काकांची ही पोस्ट वाचून मी आमच्या घरातले सगळे प्लग बघितले. एका वायरीला हाच सरळ क्रम निघाला. फार आखूड वायर असल्यामुळे चालत होती इतकंच.

कॉम्प्युटर जुना असलेल्यांसाठी एक सांगून ठेवतो, वायर आणि लिंक नीट असूनही साइट उघडत नसेल तर. मदरबोर्डावरचा सीआर २०३२ चा गोल सेल संपला की मशीन बंद-चालू केल्यावर तारीख मागे जाते. मग बँकेची, सरकारची पोर्टलं 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' म्हणून अडवतात, कारण सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत तारखेवरून तपासली जाते. लोक नेटवाल्याला फोन करतात आणि दोष असतो त्या सेलमध्ये. आधी कोपऱ्यातली तारीख बघावी.

खातेवही

काम झालं, म्हणून कळवायला आले.

वायरमनला मोटारीचा पाइप उघडायला लावला. आतली लॅनची वायर बाहेर काढली तर मधोमध जोड निघाला, आठ तारा सोलून पिळलेल्या आणि वरून काळा टेप. टेप उन्हाने चिकट होऊन निसटलेला होता आणि आतल्या तारा हिरवट पडलेल्या. काकांनी सांगितलं तसं एक तार ब्लेडने खरवडली, आतून चंदेरी. जोडाच्या अगदी शेजारीच मोटारीच्या वायरीचं आवरण घासून पातळ झालेलं होतं. ते बघून घरातले सगळेच हबकले. मोटारीची वायरही नवी टाकून घेतली, अर्थिंग तपासलं.

लॅनला वेगळा पाइप केला, कॅट ६ तांब्याची वायर, रंगांचा क्रम काकांच्या पोस्टमधला मोबाइलवर उघडून समोर ठेवला आणि प्लग मारून घेतले. आता खाली लिंक स्पीड १०००/१००० आहे. स्पीड टेस्टला प्लॅनचा पूर्ण वेग मिळतो. मोटार चालू-बंद करून बघितली, पिंग हलला नाही. रिटर्न्स वेळेत गेली.

एक छोटी गोष्ट राहिली आहे. जेवायला गेले की कॉम्प्युटर झोपतो. उठवल्यावर कधीकधी नेट यायला वेळ लागतो, किंवा येतच नाही. वायर काढून लावली की येतं.

तंतुवाद्य

फार बरं वाटलं वाचून. मोटारीची वायर वेळेत सापडली हे सर्वांत महत्त्वाचं.

झोपेतून उठल्यावरचा प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे, आता तिकडे जायला हरकत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॉप्टर्स उघडा, तुमच्या लॅन कार्डावर दोनदा टिचकी मारा. 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्ये 'अलाउ द कॉम्प्युटर टू टर्न ऑफ धिस डिव्हाइस टू सेव्ह पॉवर' या ओळीपुढची खूण काढा. तेवढ्याने थांबलं नाही तर 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'एनर्जी एफिशंट इथरनेट' आणि 'ग्रीन इथरनेट' अशा ओळी असतील, त्या 'डिसेबल्ड' करा. वीज वाचवायला कार्ड लिंक अर्धवट झोपवतं, काही कार्डं त्यातून नीट उठत नाहीत. एका वेळी एकच बदल करा आणि बदलण्याआधीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्याच टॅबमध्ये 'स्पीड अँड डुप्लेक्स' दिसेल, ते 'ऑटो निगोशिएशन' वरच राहू द्या. एका बाजूला हाताने १०० फुल डुप्लेक्स ठरवलं आणि डबा ऑटोवर राहिला, तर डबा स्वतःला हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच बाजूने बोलायचं) समजतो आणि नेट रांगायला लागतं.

आणि अशा वेळी मशीन 'शट डाउन' करून चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये ड्रायव्हर्सची स्थिती जपून ठेवली जाते, रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने उभं राहतं.

खातेवही

पॉवर मॅनेजमेंटची खूण काढली, त्यानंतर उठवल्यावर नेट लगेच येतंय. ॲडव्हान्स्डला हात लावला नाही. काका, तंतुवाद्य, कुपवाडकर, हरभट रोड, सगळ्यांचे मनापासून आभार.

पोवईनाका

माझंही मार्गी लागलं. पीसीआय एक्सप्रेसचं गिगाबिट कार्ड टाकलं, विंडोजने आपोआप ओळखलं, लिंक १००० वर आली. आता विजेच्या वेळी काय काळजी घेऊ? डब्याचा स्विच बंद केला तर पुरे का?

जुना वायरमन

@पोवईनाका, स्विच बंद करून पुरत नाही, आतला संपर्क एक-दोन मिलिमीटरच सुटतो. ढग जमायला लागले की डब्याच्या ॲडॉप्टरची आणि कॉम्प्युटरची पिन बोर्डातून काढा आणि लॅनची वायर कॉम्प्युटरच्या मागून सोडवा. हे आधीच करायचं. वीज अगदी डोक्यावर कडाडत असताना वायरींना हात लावायला जाऊ नका. डब्याला येणाऱ्या फायबरला पोलादी आधार-तार असेल तर ती घरात डब्यापर्यंत आणू देऊ नका, बाहेरच भिंतीला बांधून कापायला सांगा. काचेचा पातळ धागा तेवढा आत येऊ दे.